‘चुकल्यास’चा रकाना

त्या दुपारी महामार्गालगतच्या चार्जिंग स्टेशनवर पोहोचले तेव्हा माझ्या इलेक्ट्रिक गाडीत १९ टक्के चार्ज शिल्लक होता आणि आदल्या रात्री केलेल्या आखणीशी तो आकडा तंतोतंत जुळत होता. जुळत नव्हती ती एकच गोष्ट. तिथल्या दोन गनांपैकी, म्हणजे गाडीला लावायच्या जाड प्लगांपैकी, एक बंद होती, तिच्यावर कोणीतरी चिकटपट्टीने कागद लावून ठेवला होता, आणि दुसरी एका राखाडी गाडीला जोडलेली होती. चार्जरच्या पडद्यावर ८३ टक्के दिसत होते. सावलीत उभे असलेले साठीच्या घरातले एक गृहस्थ मला पाहून पुढे आले आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाले, “अहो, तुम्हाला थांबावे लागेल. मी शंभरपर्यंत भरणार आहे.” त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता आणि ओशाळलेपणही नव्हते. ऐंशीनंतर फार सावकाश भरते, असे मी शक्य तितक्या मऊ आवाजात सुचवून पाहिले. “ठाऊक आहे मला,” ते म्हणाले, “पण पुढे घाट आहे, आणि घाटापलीकडच्या चार्जरचा भरवसा नाही. मागच्या खेपेला बंद होता. आज बरोबर आई आहे.” मागच्या सीटवर एक वृद्ध बाई डोळे मिटून बसल्या होत्या. काच अर्धी खाली होती आणि त्यांचा पदर वाऱ्याने दारावर येऊन आपटत होता.

मी थांबले. थांबण्यावाचून दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते, कारण १९ टक्क्यांत पुढचा चार्जर गाठता आला नसता. ८३ वर असताना गाडी २६ किलोवॅटने वीज घेत होती, नव्वदीला तो आकडा १४ वर आला आणि शहाण्णवच्या पुढे पाचाच्या आसपास रेंगाळू लागला. शेवटचे दोन टक्के तर त्या पडद्याने अगदी जिवावर आल्यासारखे सोडले. या सगळ्या वेळात मला राग येत होता, पण तो ठेवायला जागा सापडत नव्हती. त्या गृहस्थांच्या जागी मी असते आणि मागे माझी आई बसलेली असती, तर मीही शंभरच केले असते. माझ्या आखणीत १२ वाजून ४० मिनिटांपासून पुढची २५ मिनिटे तो चार्जर माझा होता. त्यांच्या आखणीत ती मिनिटे त्यांची होती. दोन्ही आखण्या आपापल्या जागी निर्दोष होत्या.

हीच गोष्ट पुढे कितीतरी दिवस डोक्यातून जाईना.

पेट्रोलच्या गाडीतून वर्षानुवर्षे फिरताना कुठे थांबायचे याचा विचार मी कधी केला नव्हता, आणि तो न करण्यामागे पंपांची संख्या हे एकच कारण नव्हते. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, ऊर्जा असते. माझ्या गाडीच्या बॅटरीत वापरता येण्याजोगी ऊर्जा ४५ युनिट. म्हणजे पूर्ण भरलेल्या बॅटरीनिशी मी घरून निघते तेव्हा माझ्यापाशी जेमतेम ५ लिटर पेट्रोलइतका साठा असतो. तेवढ्यावर गाडी तीनशे किलोमीटर जाते, हे इलेक्ट्रिक मोटरचे कौतुक. पण ५ लिटरांची टाकी घेऊन लांब पल्ल्याला निघायचे, ही तिची अडचण. त्यातून पंपाची नळी मिनिटाला ३५ लिटर पेट्रोल सोडते असे धरले, तर ते जवळजवळ १९,००० किलोवॅटने ऊर्जा भरण्यासारखे होते. इंजिन त्यातला तीन चतुर्थांश भाग उष्णतेत घालवते हे मान्य केले तरी उरलेला आकडा कोणत्याही चार्जरच्या आवाक्यातला नाही. पंपावरची रांग पुढे सरकते ती या दांडगाईमुळे. तिथे आपल्या पुढच्या माणसाने टाकी किती भरली याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते, कारण निम्मी भरली काय किंवा काठोकाठ भरली काय, फरक पडतो तो एखाद्या मिनिटाचा. चार्जरपाशी मात्र पुढच्या माणसाच्या शेवटच्या वीस टक्क्यांत मागच्याची दुपार जाते.

ते शेवटचे टक्के इतके सावकाश का भरतात, हे एकदा समजून घेतल्यावर त्यांचा राग येईनासा होतो. लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरत असतात. सुरुवातीला मोठा प्रवाह सोसतो. सेलचे व्होल्टेज त्याच्या वरच्या मर्यादेजवळ आले, की ती मर्यादा ओलांडली जाऊ नये म्हणून गाडीच चार्जरला प्रवाह कमी करायला सांगते. तसे सांगितले नाही आणि आयन आत शिरण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने लोटले, तर लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागतो. साचलेल्या लिथियममधला बराचसा पुन्हा कामाला येत नाही, आणि तो फार वाढला तर सेलच्या आत शॉर्ट सर्किटचाही धोका असतो. थंडीत हा धोका आणखी अलीकडे येतो, म्हणून गारठलेली बॅटरी दहा टक्क्यांवर असतानाही हात आखडता घेते. पुष्कळ नव्या गाड्या नकाशात चार्जर हे ठिकाण टाकले की वाटेतच बॅटरी कोमट करायला घेतात, ती याचसाठी. अनेक गाड्यांत १० ते ८० टक्के व्हायला जितका वेळ लागतो, जवळजवळ तितकाच ८० ते १०० ला लागतो. त्यामुळे आखणीचा पहिला नियम असा सांगितला जातो, की एक मोठा थांबा घेण्यापेक्षा दोन छोटे घ्यावेत, कमी चार्जवर पोहोचावे आणि ऐंशीच्या आत निघावे. नियम बरोबर आहे. पण तो पुढचा चार्जर चालू आणि मोकळा असेल, हे न बोलता गृहीत धरतो, आणि त्या गृहस्थांचे म्हणणे नेमके त्या गृहीतकाविषयी होते.

प्रवासाच्या आदल्या रात्री जेवणानंतर टेबल आवरून मी आखणीला बसते. अ बेटर रूट प्लॅनरसारखी साधने गाडी, वजन, वेग, तापमान विचारून घेऊन क्षणात सगळे थांबे मांडून देतात, आणि त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा चांगला असतो. तरीही मी तो कागदावर पुन्हा करते. कंपनीने छापलेला रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाईल याचा, आकडा मी विचारात घेत नाही, याचे कारण कंपनीवरचा अविश्वास नव्हे. युरोपात २०१७ पासून लागू झालेल्या, रेंज मोजण्याच्या डब्ल्यूएलटीपी चाचणीचेच पाहा. तिच्यात गाडी २३ अंश तापमानात, रोलरवर, अर्ध्या तासाच्या ठरावीक चक्राने चालवतात. त्यात थांबे धरून सरासरी वेग ताशी ४६.५ किलोमीटर पडतो. दोन गाड्यांची आपसांत तुलना करायला ती चाचणी चांगली आहे, पण महामार्गावरून सलग तीन तास जाणाऱ्याला ती काय सांगणार? नॉर्वेतील मोटारचालकांची संघटना एनएएफ दरवर्षी उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात अनेक इलेक्ट्रिक गाड्या एकाच रस्त्यावर, त्या थांबेपर्यंत चालवून पाहते. हिवाळ्यातले आकडे जाहीर आकड्यांच्या खाली येतात आणि कोणती गाडी किती खाली येईल हे कागदावरून ओळखता येत नाही. माझ्यापुरता उपयोगाचा आकडा एकच असतो. माझ्या गाडीने, माझ्या पायाखाली, त्या ऋतूत, शंभर किलोमीटरला किती युनिट घेतले हा तो आकडा, आणि तो छापून मिळत नाही.

या आकड्यावर सर्वांत जास्त सत्ता वेगाची चालते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ९० वरून ११० वर गेले की तो जवळजवळ दीडपट होतो. माझ्या गाडीला ९० च्या वेगाने शंभर किलोमीटरला १५ युनिट पुरतात, ११० ने १९ लागतात. चारशे किलोमीटरचा प्रवास धरला तर ११० ने जाणारी मी ४८ मिनिटे आधी पोहोचायला हवी. पण त्या वेगासाठी लागलेली १६ युनिट जादा वीज सरासरी ४० किलोवॅटने भरायला २४ मिनिटे जातात. तरीही २४ मिनिटांचा फायदा उरतोच. सावकाश जाणारा नेहमी आधी पोहोचतो, असे ठासून सांगणारे इलेक्ट्रिक गाडीवाले मला भेटतात. त्यांचे म्हणणे ऐकायला गोड असले तरी चांगला चार्जर असेल तर खरे नाही. ते खरे ठरते एका विशिष्ट ठिकाणी. ९० ने गेल्यास वाटेत सुमारे २० युनिट भरून भागते, तो एक थांबा. ११० ने गेल्यास ३६ युनिट लागतात, आणि एका थांब्यात तेवढे घ्यायचे तर ऐंशीच्या पुढे जावे लागते, नाहीतर दुसरा थांबा काढावा लागतो. दुसरा थांबा म्हणजे महामार्ग सोडणे, चार्जर शोधणे, ॲप उघडणे, कोणी पुढे असेल तर थांबणे. ते २४ मिनिटांचे पारडे तिथे कधी फिरते, ते समजतसुद्धा नाही.

चढाचा हिशेब मला वेगाच्या हिशेबापेक्षा अधिक आवडतो, कारण त्यात भूगोल आहे. माणसे आणि सामान धरून दोन टनांची गाडी सहाशे मीटर उंच न्यायची तर केवळ उंचीपोटी सव्वातीन युनिट द्यावे लागतात, म्हणजे माझ्या बॅटरीचे सात टक्के. मोटारीतले लहानसहान तोटे धरून आठ म्हणावेत. उतारावर मोटर जनित्रासारखी फिरते आणि त्यातला बराचसा भाग परत देते, पण सगळा नाही. शिवाय परत घ्यायला बॅटरीत जागा हवी. घाटमाथ्यावर गाडी शंभर टक्के भरून घेतली आणि लगेच उतार लागला, तर रीजन, म्हणजे उतारावर वीज परत घेणे, जवळजवळ बंद पडते, ब्रेक तापतात आणि हातात येऊ पाहणारी वीज उष्णता होऊन निघून जाते. चार्जर पायथ्याशी असेल तर चढासाठी भरावे आणि माथ्यावर असेल तर हात राखून भरावे, इतके साधे आहे हे. तरी एका आखणीत मला हे उमगले तेव्हा मी नकाशा उंचीच्या रेषांसह पुन्हा उघडला आणि ज्या रस्त्याने लहानपणापासून जात आले, त्याचा चढ कुठे सुरू होतो हे प्रथमच पाहिले. माझ्या समजुतीपेक्षा तो तीसएक किलोमीटर आधी सुरू होत होता. डोळ्यांना सपाट दिसणारा, दोन्ही बाजूंना शेते असलेला तो रस्ता सबंध वेळ हळूहळू वर जात होता आणि पेट्रोलच्या गाडीने ते मला कधी सांगितले नव्हते.

वाऱ्याचेही तसेच. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असला की ९० ने जाणाऱ्या गाडीला हवा ११० ची लागते, आणि मघाचा सगळा हिशेब वेग न वाढवता आपल्यावर येऊन आदळतो. हवामानाच्या पानावर मी पूर्वी फक्त पाऊस बघत असे.

माझे वडील लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री जाड पुठ्ठ्याची एक वही काढत. तिच्यात शिसपेनने रकाने आखलेले असत. गाडी कुठून, किती वाजता, कुठे बदलायची, पुढची किती वाजता, आणि सर्वांत उजवीकडे ‘चुकल्यास’. त्या शेवटच्या रकान्यात दुसरी गाडी, तीही नसेल तर रात्र काढण्याजोगी जागा, क्वचित एखाद्या ओळखीच्या माणसाचे नाव असे. आम्हा भावंडांना तो रकाना म्हणजे चेष्टेचा विषय होता. “तुमचे वडील प्रवासाची तयारी करतच नाहीत, गाडी चुकण्याची करतात,” असे आई म्हणायची, आणि वडील शिसपेनचे टोक तपासत ऐकून न ऐकल्यासारखे करायचे. तो रकाना बहुतेक वेळा कोराच परत येई, म्हणजे लिहिलेले काही वापरावे लागत नसे. पण प्रवासात वडील कधी घाईत दिसले नाहीत. फलाटावर इतर लोक माना उंचावून बघत असताना ते बाकावर पाय पसरून बसलेले असत. त्यांच्या त्या स्वस्थपणाचा या रकान्याशी काही संबंध असेल, असे तेव्हा मनात आले नाही.

आता माझ्या कागदावरही तो रकाना आला आहे, आणि तो भरायला बाकीच्या सगळ्या आखणीपेक्षा जास्त वेळ लागतो. साधने मला कुठे चार्ज करायचे ते सांगतात. तिथे न झाल्यास काय, हे मलाच ठरवावे लागते. त्यात एक फसवी जागा आहे. एका ठिकाणी दोन गन असल्या की आपल्याला दोन पर्याय असल्यासारखे वाटते. दहांपैकी एका वेळेस एक गन बंद असेल असे धरले, तर दोन्ही बंद असण्याची वेळ शंभरांत एकदाच यावी, असे शाळेतले गणित म्हणते. पण ते गणित दोन्ही गनांचे नशीब वेगवेगळे आहे असे मानते. प्रत्यक्षात त्या एकाच यंत्रातून निघालेल्या असतात, एकाच रोहित्रावर असतात, एकाच मोबाइल टॉवरच्या भरवशावर असतात, आणि वीज गेली किंवा नेटवर्क गेले की दोघी मिळून जातात. पाच किलोमीटर अंतरावरचा, दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या वीजवाहिनीवरचा एकुलता एक सावकाश चार्जर हा त्या दुसऱ्या गनेपेक्षा कितीतरी खरा पर्याय असतो. नकाशावर तो लहान ठिपका म्हणून दिसतो, त्यामुळे नजरेतून सुटतो.

ठिपक्यांशेजारी लिहिलेले आकडेही समजून वाचावे लागतात. २२ किलोवॅट लिहिलेले असते, पण तो एसी चार्जर असेल, म्हणजे त्याची वीज गाडीच्या आतल्या ऑनबोर्ड चार्जरने बॅटरीजोगी करून घ्यावी लागत असेल, आणि त्या आतल्या चार्जरची क्षमता ७ ची असेल, तर मिळायचे ते सातच. बॅटरीला थेट वीज देणाऱ्या, ५० लिहिलेल्या जुन्या डीसी चार्जरची मर्यादा पुष्कळदा १२५ अँपिअरची असते, आणि बॅटरी ३५० व्होल्टच्या आसपास असली की गुणाकार ४४ च्या पुढे जात नाही. ६० लिहिलेला असतो, पण शेजारच्या गनेला कोणी लावले की ३० होतो. हे सगळे आकडे खोटे नसतात. ते यंत्राचे असतात, आपल्या वाट्याचे नसतात. म्हणून मी प्लगशेअरसारख्या ॲपवर यंत्राच्या वर्णनाआधी माणसांनी लिहून ठेवलेले वाचते. ‘डावीकडची गन लावताना वर उचलून धरा.’ ‘रात्री फाटक बंद असते, रखवालदाराला हाक मारा.’ ‘आज चालू आहे.’ या शेवटच्या वाक्याखालची तारीख कालची असली की मला जेवढे बरे वाटते, तेवढे कोणत्याही किलोवॅटने वाटत नाही. कोण होते, कुठे निघाले होते काही माहीत नसते. स्वतःची गाडी भरली, निघायची घाई असेल, तरी मागून येणाऱ्यासाठी दोन शब्द टंकून गेले.

चार्जरपाशी गेल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात जे घडते, किंवा घडत नाही, ते नव्या माणसाला घाबरवते. केबल अपेक्षेपेक्षा जड असते आणि उन्हात ताठ झालेली असते. ती दोन्ही हातांनी उचलून गन आत लोटावी लागते. कुलूप लागल्याचा कट्ट असा आवाज येतो आणि मग शांतता. पडद्यावर नुसते गोल फिरत राहते. या वेळात गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलत असतात. किती व्होल्ट, किती अँपिअर, केबलमध्ये कुठे गळती नाही ना याची तपासणी चालते, आणि सगळे ठीक असेल तरच आतले कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारे मोठे स्विच, मिटतात. तो दुसरा, खोलवरून आलेला आवाज ऐकू आला आणि पाठोपाठ पंखे घोंघावू लागले, की मग आपला श्वास सुटतो. एकदा एका ठिकाणी काही केल्या पडदा जागा होईना. तिथे आलेल्या एका तरुण चालकाने यंत्राच्या बाजूचे लाल बटण हलकेच पिळले, ते टुणकन वर आले आणि यंत्र सुरू झाले. आणीबाणीत वीज तोडण्यासाठीचे ते बटण कोणीतरी सहज दाबून गेले होते आणि त्यानंतर आलेला प्रत्येक जण चार्जर बंद आहे असे समजून पुढे गेला असणार. तेव्हापासून ते बटण मी आधी बघते.

लांब पल्ल्याच्या मोटारप्रवासाची सुरुवातच मुळी अशा चिंतांनी झाली होती, हे आठवले की मला जरा सोबत मिळाल्यासारखे वाटते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेन्झ नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन किशोरवयीन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्सहाइमला आईकडे निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे पुढे, आणि वाटेत पंप असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण जगात पंप नव्हते. वीस्लोख गावातल्या औषधांच्या दुकानातून तिने लिग्रोइन हे डाग काढायचे द्रावण विकत घेतले आणि त्यावर गाडी पुढे नेली. इंजिन थंड ठेवायला मिळेल तिथे पाणी घातले. तुंबलेली इंधनाची नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगितली जाते आणि ती आहेच. मला मात्र तिच्यात एक हिशेबी बाई दिसते. लिग्रोइन औषधांच्या दुकानात मिळते हे तिला माहीत असले पाहिजे, आणि अशी दुकाने कोणत्या गावांत असतात, याचा अंदाजही. तिला कोणाची रांग मात्र लागली नाही. त्या रस्त्यावर दुसरी मोटारच नव्हती.

आपली अडचण बरोबर उलटी आहे. साधन माझ्यासाठी आखणी करते तेव्हा त्या रस्त्यावर मी एकटी असल्यासारखी करते. काही साधने चार्जरवर आत्ता कोणी आहे का हे दाखवतात, पण दीड तासाने मी पोहोचेन तेव्हा कोण असेल, हे त्यांना कसे कळणार? त्याच रात्री त्याच साधनाने आणखी कोणाला तरी तोच चार्जर, तीच वेळ दिलेली असू शकते. सुटीच्या आदल्या संध्याकाळी महामार्गावर जी गर्दी होते ती अशा शेकडो निर्दोष आखण्यांची बेरीज असते. आणि प्रत्येकाच्या आखणीत शिल्लक किती ठेवायची हा आकडा वेगळा असतो. कोणी ५ टक्क्यांवर पोहोचायला तयार असतो, कोणाला २५ च्या खाली गेले की घाम फुटतो. हा आकडा रस्त्यावरच्या यंत्रांवर आणि माणसांवर त्याचा किती भरवसा आहे, त्यावर ठरतो. भरवसा कमी असला की माणूस जास्त भरून घेतो, जास्त वेळ अडवतो, त्यामुळे मागचा खोळंबतो, आणि मागच्याचाही भरवसा आणखी थोडा कमी होतो. बंद पडलेल्या एका गनेचे नुकसान त्या एका गनेपुरते राहत नाही. पुढच्या दोनशे किलोमीटरवरचे सगळे लोक तिच्यामुळे शंभर टक्के भरू लागतात.

मीही पुढे एकदा त्याच जागी होते. सामसूम स्टेशन, माझीच एक गाडी, पुढचा पल्ला अनोळखी, म्हणून मी ऐंशी ओलांडून भरत होते. ८८ ला एक गाडी आत वळली. चालक उतरला नाही, काच खाली करून नुसता बघत राहिला. त्या नजरेत काय होते ते मला चांगले ठाऊक होते. माझ्या ‘चुकल्यास’च्या रकान्यात दुसरा चार्जर लिहिलेला होता आणि तो ८८ टक्क्यांत आरामात गाठता आला असता, म्हणून मी गन काढली. रकाना कोरा असता तर काढली नसती, आणि त्याबद्दल मला फारसे वाईटही वाटले नसते. चार्जरवरची सभ्यता आखणीच्या वहीतून येते, असे माझे त्या दिवसापासूनचे मत आहे, आणि ऐंशीनंतर थांबलेल्या माणसाला स्वार्थी म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. त्याच्यापुढे कोणता रस्ता आहे, हे त्यांना माहीत नसते.

सगळ्यांत चांगला थांबा मात्र तोच, ज्याला थांबा म्हणून वेळ द्यावा लागत नाही. जिथे मुक्काम आहे तिथे साधा घरगुती सॉकेट मिळाला तरी त्यातून दोन-अडीच किलोवॅट येतात, आणि दहा तासांच्या रात्रीत वीस ते पंचवीस युनिट बॅटरीत पडतात, म्हणजे माझ्या गाडीची निम्मी बॅटरी. त्यासाठी यजमानांना आधी विचारावे लागते, गाडी भिंतीपासून किती अंतरावर उभी राहील हे विचारावे लागते, वायरिंग जुने असेल तर प्रवाह कमी ठेवावा लागतो. पाहुणी म्हणून जाऊन पहिला प्रश्न सॉकेटचा विचारायचा मला अजून संकोच वाटतो. तरी मी विचारते, आणि लोक उत्साहाने खिडकीतून वायर सोडायची सोय दाखवतात.

परतीची आखणी मी मुक्कामी पोहोचल्यावरच करते, कारण ती जातानाच्या आखणीची उलटी प्रत नसते. बेर्टा बेन्झही परतताना वेगळ्या, थोड्या जवळच्या रस्त्याने आली होती. जाताना चढलेला घाट आता उतार होतो, पाठीशी असलेला वारा तोंडावर येतो, पहाटे निघायचे म्हणून बॅटरी थंड असते, आणि जाताना हमखास लागलेला थांबा आता मध्येच निरर्थक ठरतो. या खेपेच्या परतीत पहिला थांबा २१० किलोमीटरवर ठेवला आहे, पोहोचताना २६ टक्के. उजवीकडच्या रकान्यात तिथून १८ किलोमीटरवरचा दुसरा चार्जर लिहिला आहे, वेगळ्या गावातला, वेगळ्या वाहिनीवरचा. तिथे ‘चालू आहे’ असे कोणीतरी परवा लिहून गेले आहे.